आपली निवडणूक, शेजाऱ्याचं ताट

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लोकसभेची निवडणूक जेमतेम पाच महिन्यांवर होती, शहरांतले भाव चढू लागले होते आणि कांद्याने सरकारं घालवल्याचा इतिहास दिल्लीला तोंडपाठ आहे. लासलगावात लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकरी रस्त्यावर उतरले. पुढे दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या, नाशिकची जागाही सत्ताधाऱ्यांच्या हातून गेली, आणि निकालाचा अर्थ लावताना सगळ्यांनी कांद्याचं नाव घेतलं. आपल्याकडे ही गोष्ट इथे संपते. उत्पादक विरुद्ध ग्राहक, गाव विरुद्ध शहर, असाच तिचा हिशेब मांडला जातो.

या हिशेबात तिसरा एक माणूस होता, त्याची दखल कोणी घेतली नाही. बंदी जाहीर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ढाक्याच्या बाजारात कांदा किलोला दोनशे टाकांच्या वर गेला. हे पहिल्यांदा घडत नव्हतं. सप्टेंबर २०१९ मध्ये अशीच बंदी आली, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली. २०१९ च्या बंदीनंतर काही दिवसांतच शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्या म्हणाल्या की आधी थोडी कल्पना दिली असती तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती, आता मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय. सभागृहात हशा पिकला. पण भारताशी सर्वांत जवळीक ठेवणाऱ्या पंतप्रधानांना ही तक्रार चारचौघांत बोलून दाखवावी लागली, यातली नामुष्की हसणाऱ्यांच्या लक्षात आली नाही.

बांगलादेशाने पुढे जे केलं ते कोणताही शहाणा देश करेल. स्वतःच्या शेतात कांदा वाढवला, इतर देशांतून आणण्याच्या वाटा शोधल्या आणि भारतीय कांद्यावरचं अवलंबित्व कमी करत नेलं. याच काळात विदर्भाच्या संत्र्यावरचं त्यांचं आयात शुल्क चढत गेलं. २०१९ च्या सुमारास किलोला वीस रुपयांच्या आसपास असलेलं शुल्क २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर पोहोचलं. वरुड-मोर्शीचा संत्रा उत्पादक आंबिया बहाराचा माल तोडणीला आला की डोळे लावून बसतो ते या गिऱ्हाइकाकडे, कारण नागपुरी संत्र्याची मोठी परदेशी बाजारपेठ म्हणजे बांगलादेशच. ट्रक पेट्रापोलच्या सीमेपर्यंत जायचा आणि तिथे फळाच्या किमतीपेक्षा शुल्क जास्त व्हायचं. व्यापारी बागेकडे फिरकेनात, झाडावरचा सौदा मोडू लागला, लहान आकाराचं फळ कवडीमोल झालं. शेवटी महाराष्ट्र सरकारला शुल्काच्या निम्म्या रकमेचं, किलोला ४४ रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं. शुल्कवाढीमागे डॉलर वाचवण्याची बांगलादेशाची गरजही होती, हे मान्य करायला हवं. पण कांद्याच्या धरसोडीने आपण तिथली पत घालवली आणि त्याची किंमत अमरावती जिल्ह्यातल्या बागांनी मोजली, हे वऱ्हाडातले बागायतदार सांगतात आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

कांद्यापासून सुरुवात केली ती यासाठी, की भारत आणि त्याचे शेजारी यांच्यातला खरा पेच इथे उघडा पडतो. आपण परराष्ट्र धोरण म्हणजे शिखर परिषदा, हस्तांदोलनं आणि संयुक्त निवेदनं असं समजतो. शेजारी देशांपुरतं ते खरं नाही. त्यांच्याबाबतचं आपलं धोरण बहुतेक वेळा परराष्ट्र मंत्रालयाच्या बाहेरच ठरतं. ग्राहक मंत्रालयात ठरतं, एखाद्या राज्याच्या विधानसभा निवडणुकीत ठरतं, प्रचारसभेतल्या एका वाक्यात ठरतं. १४० कोटींचा देश कूस बदलतो तेव्हा शेजारी तीन कोटींच्या नेपाळचं आणि सव्वादोन कोटींच्या श्रीलंकेचं अंथरूण ओढलं जातं. उभारी घेणाऱ्या देशाला आपल्या घरगुती राजकारणाचा भार शेजाऱ्यावर किती पडतो याचं भान ठेवावं लागेल. हे भान आपल्याकडे नाही. ते नसण्याची किंमत आता एकेका राजधानीतून वसूल होऊ लागली आहे.

नेपाळचं उदाहरण मला सर्वांत जास्त सलतं. एप्रिल २०१५ मध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास नऊ हजार माणसं गेली. भारताची विमानं आणि पथकं काही तासांत काठमांडूत पोहोचली, आणि नेपाळी माणसाच्या मनात आपल्याविषयी जी जागा तयार झाली ती पैशाने विकत घेता आली नसती. पाच महिन्यांनी, २० सप्टेंबरला, नेपाळने आपली राज्यघटना जाहीर केली. तराईतल्या मधेशींना तीत न्याय मिळालेला नव्हता. त्यांची तक्रार खरी होती, आंदोलनात माणसंही मेली होती. भारताने नाराजी जाहीर केली आणि सीमेवरून जाणारे ट्रक थांबले. ही नाकेबंदी आमची नाही, आंदोलकांनी रस्ते अडवलेत, असं दिल्ली म्हणत राहिली. काठमांडूत ते कोणालाच पटलं नाही. भूकंपाने घरं पडलेली, डोक्यावर पत्र्याचं छप्पर, हिवाळा तोंडावर, आणि गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं मिळत नाहीत. शहरातल्या बायका अंगणात लाकडं पेटवून भात शिजवत होत्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. हे फेब्रुवारी २०१६ पर्यंत चाललं.

याच काळात सीमेला लागून असलेल्या बिहारमध्ये विधानसभेची निवडणूक होती. तराईतले लोक आणि बिहारचे लोक यांचा रोटीबेटीचा व्यवहार आहे, म्हणून मधेशींचा प्रश्न तिथे घरचाच वाटतो. निवडणुकीचा आणि नाकेबंदीचा नेमका किती संबंध होता हे कागदावर सिद्ध होणार नाही. परिणाम मात्र डोळ्यांसमोर आहे. मधेशींना हवी ती घटना मिळाली नाही. पंतप्रधान के. पी. शर्मा ओली राष्ट्राभिमानाचे कैवारी बनले, आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी बीजिंगला जाऊन चीनच्या बंदरांतून माल आणण्याचा करार केला. हिमालय ओलांडून येणारा तो मार्ग लांब आहे, खर्चीक आहे, आजही भारताच्या वाटेला पर्याय ठरलेला नाही. तरीही नेपाळी माणसाला तो हवासा वाटला, कारण चूल बंद पडण्याची आठवण हिशेबापेक्षा पक्की असते. आज काठमांडूत विशीत असलेला तरुण त्या हिवाळ्यात शाळकरी होता. भूकंपानंतरची मदत त्याला कदाचित आठवतही नसेल, नाकेबंदी नक्की आठवत असेल.

बांगलादेशात चूक वेगळ्या वळणाची झाली. तिथे आपण एका देशाशी नातं जोडण्याऐवजी एका व्यक्तीशी जोडलं. शेख हसीनांकडून भारताला मिळालं ते थोडं नव्हतं. त्यांनी ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ उखडले, उल्फाचे म्होरके ताब्यात दिले, त्रिपुराला बांगलादेशातून वाट दिली. आसाम-त्रिपुरातल्या माणसाने गेल्या पंधरा वर्षांत जी शांतता पाहिली तिच्यात या सहकार्याचा मोठा वाटा आहे. पण त्याच काळात तिकडे लोकशाहीचं काय होत होतं? २०१४ च्या निवडणुकीत ३०० पैकी १५३ जागांवर मतदानच झालं नाही. २०१८ आणि २०२४ च्या निवडणुकांवर तिथल्या विरोधकांनी आणि जगातल्या निरीक्षकांनी बोट ठेवलं, आणि दिल्लीने प्रत्येक वेळी अभिनंदन केलं. ज्या तरुणाला आयुष्यात एकदाही खऱ्या अर्थाने मत देता आलं नाही, त्याच्या नजरेत भारत हा त्याचं मत हिरावणाऱ्या सत्तेचा पाठीराखा ठरला. जुलै २०२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, सरकारने गोळ्या चालवल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार सुमारे सहा आठवड्यांत १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत. ५ ऑगस्टला हसीना विमानाने भारतात आल्या आणि त्याच दिवशी ढाक्यातलं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र जमावाने फोडलं. ज्या नावाने १९७१ मध्ये तिथे जयजयकार झाला होता, त्याच नावाच्या वास्तूवर ही वेळ यावी, याचं दुःख मला फार आहे.

त्यानंतर तिथल्या हिंदूंवर हल्ले झाले, घरं जळली, मंदिरं फोडली गेली. ते घडलंच नाही, किंवा सगळं राजकीयच होतं, असं म्हणणं म्हणजे पीडितांवर दुसरा अन्याय आहे. भारताने त्यांच्यासाठी आवाज उठवला ते योग्यच केलं. पण तो आवाज पलीकडे खोटा का वाटला, हे विचारायला आपण कचरतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं प्रचारसभांतून बांगलादेशी माणूस म्हणजे घुसखोर, देश पोखरणारा कीटक, असं चित्र रंगवलं गेलं. आसामातल्या नागरिक नोंदणीतून ऑगस्ट २०१९ मध्ये १९ लाख लोक बाहेर राहिले, त्यात हिंदूही मोठ्या संख्येने होते, आणि त्यांचं पुढे काय करायचं याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. २०२५ च्या उन्हाळ्यात तर मुंबईच्या आसपास काम करणारे पश्चिम बंगालचे काही मजूर, कागदपत्रं दाखवूनही, बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारताचेच नागरिक असल्याचं बंगाल सरकारने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावं लागलं. आपल्या इमारती बांधणारा गवंडी केवळ बंगाली बोलतो आणि मुसलमान आहे म्हणून परका ठरत असेल, तर ढाक्यातल्या धर्मांधांच्या हाती आपण आयतं कोलीत देतो. उपखंडातले बहुसंख्याकवादी एकमेकांचे शत्रू म्हणवतात, प्रत्यक्षात ते एकमेकांच्या जिवावर जगतात. पलीकडे मंदिर फुटलं की इथल्यांचं फावतं, इथे बुलडोझर चालला की तिथल्यांचं फावतं. दोन्हीकडे चिरडली जातात ती अल्पसंख्य माणसं, आणि त्यांना या खेळात विचारत कोणी नाही.

श्रीलंका २०२२, बांगलादेश २०२४, नेपाळ २०२५. तीन वर्षांच्या थोड्याशा अवधीत तीन शेजारी राजधान्यांत तरुणांनी सत्ताधाऱ्यांना पळवून लावलं. कोलंबोत राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात लोक घुसले, काठमांडूत सिंहदरबार जळला. प्रत्येक वेळी आपल्या वाहिन्यांवर परकीय हात शोधला गेला. परकीय हात असेलही, पण हात घालायला भगदाड लागतं. श्रीलंकेत २०१९ ची अविचारी करकपात आणि २०२१ मध्ये एका फटक्यात आणलेली रासायनिक खतबंदी यांनी शेत आणि तिजोरी दोन्ही रिकामी केली, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्ज फेडता येत नसल्याचं जाहीर केलं. नेपाळमध्ये समाजमाध्यमांवरची बंदी हे केवळ निमित्त होतं. खरी आग होती ती नेत्यांच्या मुलांची चैन आणि सामान्यांच्या मुलांचं परागंदा होणं यांतल्या अंतराची. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास चौथ्या हिश्शाइतकी रक्कम परदेशातून पाठवलेल्या पैशातून येते.

हा परागंदा नेपाळी आपल्याला ठाऊक आहे. रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागांत मोहोर आल्यापासून राखण करणारी, फवारणीला हातभार लावणारी, वानरं हाकणारी माणसं आता बहुतांशी नेपाळी आहेत. पावसाच्या तोंडावर हंगाम संपला की ती गावी जातात आणि दिवाळीनंतर पुन्हा येतात. कोकणातली मुलं मुंबईला गेली, त्यांची जागा नेपाळच्या डोंगरांतून आलेल्या मुलांनी घेतली. दोन्ही गावं रिकामी होण्याचं कारण एकच आहे.

म्हणून शेजारच्या आगीकडे आपण कुंपणावरून पाहू नये. उत्तर प्रदेशात पोलीस शिपायांच्या सुमारे ६० हजार जागांसाठी ४८ लाख अर्ज आले आणि फेब्रुवारी २०२४ मधली परीक्षा पेपर फुटल्याने रद्द झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या साडेसतरा हजारांच्या आत असलेल्या जागांसाठी साडेसतरा लाखांच्या वर अर्ज आले, त्यात अभियंते होते, पदव्युत्तर पदवीधर होते. ढाक्यातली ठिणगी नोकऱ्यांतल्या आरक्षणाची होती. आपल्याकडचे मराठा, जाट, पाटीदार हे सगळे मोर्चे त्याच कोरड्या विहिरीकडे बोट दाखवतात. शेतीत भागत नाही, कारखान्यात जागा नाही, उरते ती सरकारी नोकरी. फरक आहे तो एवढाच, पण फार मोठा, की आपल्याकडे राग मतपेटीतून बाहेर पडतो. राज्यांत सरकारं बदलतात, दिल्लीचं बहुमत कमीजास्त होतं, न्यायालयाचं दार ठोठावता येतं. हा निचरा आपल्याकडे शाबूत आहे तोवरच आपण स्थिर आहोत. निवडणूक यंत्रणेवरचा विश्वास, विरोधी पक्षांचं अस्तित्व, राज्यांचे अधिकार यांची झीज होऊ देणं म्हणजे तो निचरा आपल्या हाताने बुजवणं. कोलंबो आणि ढाका इथे नेमकं तेच झालं होतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि त्यात तथ्य आहे. शेजारीही काही साधुसंत नाहीत. चीनचा बागुलबुवा दाखवून ते दोन्हीकडून पदरात पाडून घेतात. पाकिस्तानने तर दहशतवाद हे धोरणाचं हत्यारच केलं आहे. मुंबईने २००८ सोसलं, २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जणांचे जीव गेले, त्यात महाराष्ट्राची माणसं होती. अशा शेजाऱ्याशी उदारपणाची भाषा चालत नाही, हे मलाही मान्य आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. पाकिस्तानच्या अनुभवाने घडलेली नजर आपण सगळ्याच शेजाऱ्यांवर रोखून बसलो आहोत. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली, २०१६ ची इस्लामाबादची बैठक उरी हल्ल्यानंतर रद्द झाली, आणि तेव्हापासून एका देशाच्या अपराधापायी आठ देशांचा मंच बंद पडला आहे. दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. आग्नेय आशियात हेच प्रमाण पंचवीसच्या घरात आहे.

आणि संयम दाखवला की काय होतं, याचेही दाखले आपल्याच पदरी आहेत. मालदीवमध्ये ‘इंडिया आउट’ म्हणत मुइझ्झू २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. भारतीय जवान परत पाठवले गेले, समाजमाध्यमांवर आपल्याकडून बहिष्काराच्या आरोळ्या उठल्या. सरकारने मात्र डोकं थंड ठेवलं, जवानांच्या जागी तंत्रज्ञ पाठवले, आणि परकीय चलनाची चणचण होताच ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० कोटी डॉलरची सोय करून दिली. जुलै २०२५ च्या मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला भारताचे पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते. श्रीलंकेला २०२२ च्या संकटात भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली, इंधन आणि औषधं पाठवली. पुढे डाव्या विचारांचे, एके काळी भारतविरोधी चळवळीतून आलेले दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले, आणि पहिल्या परदेश दौऱ्यावर दिल्लीला आले. सर्वांत मोठा दाखला २०१५ च्या भूसीमा कराराचा. बांगलादेशातली १११ भारतीय आणि भारतातली ५१ बांगलादेशी बेटवजा गावं ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली. करार १९७४ चा, अंमलात यायला ४१ वर्षं लागली, पण संसदेत एकही मत विरोधात पडलं नाही. नकाशावर जमीन कमी झाली म्हणून कोणी देशद्रोहाची हाळी दिली नाही. तेव्हा जे साधलं ते आज का साधू नये?

पुढची परीक्षा पाण्याची आहे. फराक्क्याच्या पाणीवाटपाचा ३० वर्षांचा गंगा करार बांगलादेशाशी डिसेंबर १९९६ मध्ये झाला, त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. तीस्तेचा करार सप्टेंबर २०११ मध्ये सहीपर्यंत आला आणि पश्चिम बंगालच्या विरोधामुळे तिथेच थांबला. ममता बॅनर्जींना दोष देणं सोपं आहे. उत्तर बंगालच्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात पाणी लागतं, ही त्यांची अडचण खरी होती. चूक होती ती त्यांना शेवटच्या क्षणी गृहीत धरण्याची. आता चीनने तिबेटात ब्रह्मपुत्रेवर अजस्र धरणाचं काम सुरू केलं आहे, आणि आपण बीजिंगकडे मागतो ते काय? प्रवाहाची आकडेवारी द्या, आम्हाला विचारल्याशिवाय पाणी अडवू नका, खालच्या देशाचा हक्क माना. २०१७ मध्ये डोकलामच्या तणावात चीनने आकडेवारी दिली नाही तेव्हा आपण संतापलो. ढाका शब्दाशब्दाने हेच आपल्याकडे मागत आलं आहे. वरच्या अंगाला असताना एक न्याय आणि खालच्या अंगाला असताना दुसरा, हे फार काळ टिकणारं नाही.

गंगा कराराच्या वाटाघाटींत पश्चिम बंगाल आणि बिहार पहिल्या बैठकीपासून असले पाहिजेत. कराराची मुदत कितीही ठरो, कोरड्या महिन्यांतले प्रवाहाचे आकडे दोन्ही देशांतल्या शेतकऱ्याला रोज पाहता येतील अशी व्यवस्था त्यातच लिहायला हवी. दुसरी गोष्ट व्हिसाची. बांगलादेशी रुग्णांना भारताचा व्हिसा मिळणं दुर्मीळ झालं तेव्हा मार्च २०२५ पासून ते चीनमधल्या कुनमिंगच्या रुग्णालयांत जाऊ लागले. कोलकात्याला काही तासांत पोहोचणाऱ्या माणसाला परक्या भाषेच्या देशात उपचार शोधावे लागणं, यात भारताच्या सुरक्षेचा कोणता फायदा झाला? ती दारं मोकळी व्हावीत. आणि निर्यातीवर बंधन घालायचंच असेल तर किमान तीन महिन्यांची आगाऊ सूचना, आणि शेजारी देशांसाठी ठराविक कोटा, हे कायद्याने बांधून घ्यावं, म्हणजे कोणत्याही पक्षाच्या सरकारला निवडणुकीच्या तोंडावर ते मोडण्याचा मोह होणार नाही. नाशिकचा उत्पादकही वर्षानुवर्षं हेच मागतो आहे: धोरण काय असेल ते असो, ते लावणीच्या आधी सांगा.